‘दि हर्ट लॉकर’ आणि वीररसाचा प्रश्न

वीररसाला प्रतिपक्ष लागतो. पोवाडा रचणारा शाहीर आधीं शत्रूचें सैन्य किती व कसें हें तपशीलवार सांगतो, आणि मगच आपल्या नायकाची तरवार म्यानाबाहेर काढतो. महाकाव्यांतले योद्धे एकमेकांस नांवानें हांक मारून, एकमेकांचीं कुळें उच्चारून बाण सोडतात. समोर कोणी तरी उभा आहे, तो तुल्यबळ आहे, आणि त्याच्या डोळ्याला डोळा देऊन लढावयाचें आहे, या तीन गोष्टी आमच्या रसिकतेनें वीररसाच्या परिपोषाकरितां आजवर गृहीत धरिल्या आहेत. यांपैकीं एकही गोष्ट जेथें नाहीं, शत्रु दिसत नाहीं, लढाई होत नाहीं, आणि नायकाच्या पुढ्यांत उकिरड्यावर पडलेलें एक गाठोडें तेवढें आहे, तेथें वीररस निष्पन्न होईल काय? आणि झालाच तर तो आमच्या ओळखीचा असेल काय? ‘दि हर्ट लॉकर’ हा अमेरिकन चित्रपट पाहिल्यापासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळत राहिला आहे. चित्रपट कांहीं नवा नाहीं. त्याचा गाजावाजा होऊन गेल्यालाही बरींच वर्षें लोटलीं. परंतु गाजावाजा ओसरल्यावरच कलाकृतीशीं निवांतपणें बोलतां येतें, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम थोडी माहिती. कॅथ्रिन बिगेलो या दिग्दर्शिकेचा हा चित्रपट २००८ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला व २००९ मध्यें अमेरिकेंत प्रदर्शित झाला. २०१० च्या मार्च महिन्यांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह सहा ऑस्कर मिळालीं. दिग्दर्शनाचें ऑस्कर एका स्त्रीला मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. पटकथाकार मार्क बोल हे व्यवसायानें पत्रकार. २००४ सालीं इराकमध्यें बाँब निकामी करणाऱ्या एका अमेरिकन पथकाबरोबर ते राहिले होते, आणि तेथें जें पाहिलें त्यांतून ही कथा त्यांनीं रचिली. कथा बगदादची आहे व त्याच सालची आहे. चित्रीकरण मात्र शेजारच्या जॉर्डनमध्यें झालें, आणि तेथें आश्रयास आलेल्या इराकी लोकांपैकीं कांहींनीं त्यांत भूमिका केल्या. चित्रपटाचें नांव सैनिकी बोलींतलें आहे. ‘वेदनेची कोठडी’ असा त्याचा ढोबळ अर्थ करतां येईल. जबर जखमी होणें म्हणजे त्या कोठडींत जाऊन पडणें. ‘युद्ध हें एक मादक द्रव्य आहे’ अशा आशयाचें एका युद्धवार्ताहराचें वाक्य चित्रपटाच्या आरंभीं पडद्यावर येतें. वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडेल.

आरंभाचा प्रसंग असा. रस्त्यांत एक बाँब पडला आहे. लोकांना दूर हटविलें आहे. चाकांवर चालणारें एक यंत्र, सुरुंगाची दारू ठेवलेली लहानशी गाडी ओढीत, त्या बाँबकडे निघतें. वाटेंत त्या गाडीचें चाक निखळतें. अगदीं क्षुल्लक गोष्ट! परंतु त्या निखळलेल्या चाकामुळें पथकाचा नायक थॉम्पसन याला जाडजूड संरक्षक पोशाख चढवून स्वतः चालत जावें लागतें. तो आपलें काम नीट करतो आणि परत फिरतो. इतक्यांत एका खाटकाच्या दुकानापाशीं उभ्या असलेल्या माणसाच्या हातीं मोबाइल दिसतो. एल्ड्रिज नांवाचा तरुण शिपाई ओरडत त्याच्याकडे धांवतो, बंदूक रोखतो, पण चाप ओढीत नाहीं. स्फोट होतो. थॉम्पसन कोसळतो.

या प्रसंगाची बांधणी पाहण्यासारखी आहे. थॉम्पसनची भूमिका गाय पिअर्स या नामांकित नटानें केली आहे. प्रेक्षक अशा ओळखीच्या चेहऱ्याच्या भरंवशावर बसलेला असतो. हा शेवटपर्यंत जगणार, हें तो गृहीत धरतो. तोच पहिल्या दहा-बारा मिनिटांत मरतो. पुढें राल्फ फाइन्स या दुसऱ्या प्रसिद्ध नटाचीही तीच गत होते. कीर्तीचें चिलखत येथें निरुपयोगी आहे, हें दिग्दर्शिकेनें एकही शब्द न बोलतां प्रेक्षकाला पटविलें, आणि तेथून पुढें प्रत्येक पावलागणिक त्याच्या मनांत खरी भीति उत्पन्न होऊं लागली. दुसरी गोष्ट त्या मोबाइलवाल्या माणसाची. चित्रपटांत जागोजाग गच्चींतून, खिडक्यांतून, दारांतून माणसें पाहत उभीं असतात. त्यांतला कोण केवळ बघ्या आहे आणि कोणाच्या खिशांत मृत्यु आहे हें शिपायांस कळत नाहीं, आणि आम्हांसही कळत नाहीं. बॅरी ॲक्रॉइड यांनीं एकाच वेळीं अनेक कॅमेरे हातांत धरून चालविले, ते याच कारणानें. दृष्टि एका जागीं ठरत नाहीं. ती भेदरलेल्या माणसाच्या दृष्टीसारखी भिरभिरते.

या चित्रपटाचें ‘वास्तववादी’ म्हणून सर्वत्र कौतुक झालें. त्याच वेळीं इराकमध्यें जाऊन आलेल्या अनेक सैनिकांनीं त्याला अवास्तव ठरविलें. तीन माणसें एकटींच गाडी घेऊन बगदादभर हिंडत नाहींत. पथकाच्या नायकाला मनास येईल तसें वागूं दिलें जात नाहीं. अंगावरचे गणवेष २००४ सालचे नसून त्यानंतर वापरांत आलेल्या नमुन्याचे आहेत, असे त्यांचे आक्षेप होते. हे आक्षेप खरे आहेत, आणि जाणत्यानें ते घ्यावे हेंही योग्यच. परंतु कलेंतलें वास्तव गणवेषाच्या कापडांत मोजावयाचें नसतें. आमच्या मतें या चित्रपटाचें वास्तव त्याच्या काळाच्या हाताळणींत आहे. वाळवंटांतल्या चकमकीचा प्रसंग घ्या. दूरच्या एका पडक्या घरांतून कोणी नेमबाज गोळ्या झाडीत आहेत. नेहमींच्या युद्धपटांत असा प्रसंग दोन मिनिटांत आटोपतो. येथें उन्हांत माणसें पडून राहतात, ओठ सुकतात, माशा पापण्यांवर बसतात, पण डोळा दुर्बिणीवरून हलवितां येत नाहीं. काडतुसें रक्तानें माखल्यामुळें बंदूक अडते, तेव्हां एल्ड्रिजला थुंकी लावून तीं पुसावीं लागतात. पथकाचा नवा नायक फळांच्या रसाची एकुलती एक पुडी शोधून काढतो आणि स्वतः न पितां शेजारच्या सँबॉर्नच्या तोंडाला लावतो. गोळीबार थांबला तरी ते तसेच पडून राहतात, कारण तो थांबला आहे याची खात्री कोणी द्यावी? युद्धाचा पुष्कळसा भाग म्हणजे वाट पाहणें, ही गोष्ट आम्ही ऐकून होतों. येथें ती अंगावर आली.

आतां नायकाकडे वळूं. थॉम्पसनच्या जागीं सार्जंट विल्यम जेम्स येतो. त्या वेळीं पथकाची पाळी संपावयास ३८ दिवस उरले आहेत. जेरेमी रेनर यानें हा मनुष्य असा उभा केला आहे कीं, त्याच्यावर प्रेम करावें कीं त्याची चीड यावी हें शेवटपर्यंत ठरत नाहीं. पहिल्याच कामगिरींत तो एक तार हातीं धरून ती मातींतून उचलीत जातो, आणि त्याच्या भोंवतीं धुळींतून सहा तोफगोळे वर येतात. मध्यभागीं तो एकटा उभा. दुसऱ्या एका प्रसंगीं मोटारीचें मागचें झांकण उघडल्यावर आंत इतकी दारू निघते कीं पोशाखाचा कांहीं उपयोग नाहीं. तेव्हां तो पोशाख काढून ठेवतो, मरावयाचेंच तर सुखानें मरूं असें म्हणतो, आणि सोबत्यांशीं बोलण्याचें यंत्रही कानावरून काढून फेंकतो. काम फत्ते होतें. सँबॉर्न पुढें येऊन त्याच्या तोंडावर ठोसा मारतो. त्याच्या दृष्टीनें जेम्सनें तिघांचेही प्राण पणाला लावले. जेम्सच्या दृष्टीनें एक सुंदर कोडें सुटलें.

येथें आम्हांस आपल्या साहित्यशास्त्राची आठवण होते. वीररसाचा स्थायी भाव उत्साह. त्याचे दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर असे चार प्रकार विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त सांगितले आहेत. बाँब निकामी करणाराला यांपैकीं कोठें बसवावें? त्याच्या अंगावर गणवेष आहे, पण त्याचें काम मारण्याचें नाहीं. दुसऱ्यानें मांडून ठेवलेला मृत्यु तो उचलून नेतो. ज्याच्यासाठीं तो जीव धोक्यांत घालतो तो रस्त्यानें जाणारा कोणी अनोळखी इसम असतो. पुष्कळदां तर शत्रूच्याच देशाचा. म्हणजे हा युद्धवीराच्या वेषांतला दयावीर झाला. ही भूमिका मूलतः इतकी उदात्त आहे कीं, साधा लेखक असता तर त्यानें एक सरळ स्तोत्र रचून दिलें असतें.

बोल व बिगेलो यांनीं तें केलें नाहीं. त्यांनीं दयावीराचें कर्म घेतलें, आणि त्याच्या मुळाशीं दयेऐवजीं दुसरेंच कांहीं ठेविलें. जेम्सच्या बिछान्याखालीं एक पेटी आहे. ज्या ज्या वस्तूंनीं आपला प्राण घेतला असता त्यांचे तुकडे त्यानें तींत जपून ठेविले आहेत. आणि त्यांतच त्याची लग्नाची आंगठीही आहे. मद व आवेग हे आमच्या शास्त्रकारांनीं व्यभिचारी भाव मानले. ते यावे, मुख्य भावाला साह्य करावें, आणि जावें. जेम्सच्या ठायीं मद स्थायी होऊन बसला आहे. त्याचा उत्साह एखाद्या हेतूकडे वाहत नाहीं. तो स्वतःच स्वतःचा हेतु आहे. आरंभींच्या त्या वाक्याचा अर्थ हाच. रस तोच दिसतो, पण मूळ भाव बदलला आहे.

हा भेद केवळ शास्त्राचा नाहीं, हें दाखविण्यासाठीं आम्ही एक खरें उदाहरण देतों, आणि तें आमच्या वाचकांना जवळचें आहे. प्रेमिंद्रसिंग भगत हे खडकीच्या बाँबे सॅपर्स या सुरुंगपथकाबरोबर लढलेले अधिकारी. १९४१ सालीं ॲबिसीनियाच्या आघाडीवर मेतेम्मापासून पुढें जाणाऱ्या सैन्याच्या अग्रभागीं राहून त्यांनीं चार दिवस, ५५ मैलांच्या वाटेवर, सुरुंग पेरलेलीं पंधरा क्षेत्रें शोधून मोकळीं केलीं. दोनदां त्यांचें वाहन सुरुंगानें उडालें व बरोबरचीं माणसें बळी पडलीं. एकदां दबा धरून बसलेल्या शत्रूच्या माऱ्यांत ते सांपडले. एका कानाचा पडदा फाटला. त्यांना विश्रांति देऊं केली असतां त्यांनीं ती नाकारली. या कामाची माहिती आतां आपल्यालाच अधिक झाली आहे, तेव्हां तें शेवटास नेण्यास आपणच अधिक योग्य आहों, असें त्यांचें म्हणणें होतें. दुसऱ्या महायुद्धांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे ते पहिले भारतीय अधिकारी होत.

भगतांनीं विश्रांति नाकारली, जेम्सही ती नाकारतो. बाहेरून पाहणाराला दोघांच्या कृतींत फरक दिसणार नाहीं. कदाचित् जेम्सचा हात अधिक सफाईदार वाटेल. परंतु एकाच्या नकाराचें कारण कामांत आहे, दुसऱ्याच्या नकाराचें कारण त्याच्या स्वतःच्या भुकेंत आहे. काम संपलें कीं पहिला मोकळा होतो. दुसऱ्याला काम संपलेलें सोसत नाहीं. मग ज्यांचे प्राण वांचले त्यांना या फरकाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील. प्रश्न अवघड आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, वांचलेल्यांना नसलें तरी शेजारीं उभ्या असलेल्यांना आहे. जेम्स एका रात्रीं, गरज नसतां, अंधाऱ्या गल्ल्यांत शत्रूचा माग काढावयास निघतो आणि दोघां सोबत्यांस बरोबर ओढतो. त्या हौसेचें मोल एल्ड्रिज आपल्या पायानें देतो. जातांना तो जेम्सला शिव्याशाप देतो, आणि ते सर्वस्वीं न्याय्य आहेत.

चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप गणवेषाचा नाहीं, इराकी माणसांचा आहे. ज्यांच्या गांवांत हें सर्व घडतें तीं माणसें येथें एक तर संशयित आहेत, नाहीं तर प्रेतें. त्यांचें घर, त्यांचें बोलणें, त्यांचें म्हणणें आम्हांस कोठेंच कळत नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु एका ठिकाणीं तरी चित्रपटाला स्वतःचें हें आंधळेपण माहीत आहे असें आम्हांस वाटतें. छावणीपाशीं चित्रपटांच्या तबकड्या विकणारा, बेकहॅम हें नांव घेतलेला एक चुणचुणीत मुलगा असतो. जेम्सचा त्याच्यावर जीव जडतो. पुढें एका घरांत एका मुलाचें प्रेत सांपडतें. त्याच्या पोटांत बाँब शिवलेला असतो. हा बेकहॅमच, अशी जेम्सची खात्री होते. तो आपल्या हातांनीं तें प्रेत मोकळें करतो, उचलून बाहेर आणतो, सूडानें पेटून एका भलत्याच सद्‌गृहस्थाच्या घरांत शिरतो. आणि कांहीं दिवसांनीं तोच बेकहॅम हंसत हंसत त्याच्यापुढें येऊन उभा राहतो! मेलेला मुलगा दुसराच कोणी होता. जेम्सची दया खोटी नव्हती. पण ज्याच्यावर आपण दया करतों त्याचा चेहराही त्यानें नीट पाहिला नव्हता. तो बेकहॅमशीं एक शब्दही न बोलतां निघून जातो. परक्याच्या देशांत बंदूक घेऊन शिरलेल्या दयेची मर्यादा याहून थोडक्यांत कोणी दाखविली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

दोषही सांगितले पाहिजेत. सूडाची ती एकाकी स्वारी आणि मनोवैद्य कर्नल केंब्रिज यांचा मृत्यु, हे दोन प्रसंग कथानकाच्या सोयीसाठीं ओढून आणल्यासारखे वाटतात. एल्ड्रिजला धीर देणाऱ्या शहाण्या माणसाला एक दिवस रणावर यावयाची बुद्धि व्हावी आणि नेमका त्याच दिवशीं त्याचा घात व्हावा, हें योगायोगाचें फारच उघड कारस्थान झालें. ज्या चित्रपटानें निखळलेल्या चाकावरून मृत्यु आणण्याइतका संयम दाखविला त्याला हें शोभत नाहीं.

आतां एक कबुली. हा चित्रपट पाहतांना आमचे तळहात घामेजले, श्वास अडकला, आणि एक बाँब निकामी झाला कीं दुसऱ्याची आम्ही वाट पाहूं लागलों. शेवटीं जेम्सची पाळी संपते व तो घरीं येतो. भल्यामोठ्या दुकानांत पत्नीनें सांगितलेलें न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सचें खोकें घ्यावयाला तो जातो, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेल्या शेंकडों रंगीत खोक्यांपुढें खिळून उभा राहतो. सहा तोफगोळ्यांमध्यें न गोंधळलेल्या माणसाला येथें निवड करतां येत नाहीं. पुढें आपल्या तान्ह्या मुलापाशीं बसून, झांकण उघडतांच टुणकन् वर येणारें बाहुलें दाखवीत तो त्याला सांगतो कीं, वय वाढतें तशा आवडीच्या गोष्टी कमी होत जातात, आणि आपल्यापाशीं आतां एकच उरली आहे. हीं दृश्यें पाहतांना आम्हांसही कंटाळा आला. हा लवकर परत जाईल तर बरें, असें आमच्या मनांत येऊन गेलें. आणि तो परत जातो. नव्या पाळीचे ३६५ दिवस पडद्यावर उमटतात. तो पोशाख चढवून रस्त्यानें चालूं लागतो. आम्हांस बरें वाटतें. त्या बरें वाटण्याची लाज वाटावयास आम्हांस घरीं पोंचावें लागलें.

कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद मराठींत जुना आहे. फडके व खांडेकर यांच्या नांवांशीं तो जोडला गेला, आणि पुढें उगाळून उगाळून गुळगुळीत झाला. पण येथें तो पुन्हा टोंचूं लागतो. जो चित्रपट युद्धाच्या नशेविरुद्ध सांगतो तोच प्रेक्षकाला तिचा घोट पाजतो. हें कपट आहे कीं निदान? आम्ही बराच विचार करून निदानाच्या बाजूनें मत देतों. व्यसनाची निंदा ऐकून कोणाला व्यसन कळत नाहीं. स्वतःच्या जिभेवर त्याची चव आली म्हणजे कळतें. तथापि या वाटेनें जाणाऱ्या कलेनें शेवटीं आरसाही पुढें धरला पाहिजे. बिगेलो यांनीं तो दुकानाच्या प्रसंगांत धरला आहे. पाहणाऱ्यानें पाहिला नाहीं तर दोष वांटून घ्यावा लागेल.

तुलनेसाठीं २०१५ सालचा मार्टिन झांडव्लिएट यांचा एक डॅनिश चित्रपट आठवतो. १९४५ मध्यें युद्ध संपल्यावर डेन्मार्कच्या किनाऱ्यावर पेरलेले सुरुंग काढण्याचें काम जर्मन युद्धकैद्यांकडून करवून घेण्यांत आलें. त्या चित्रपटांतले कैदी म्हणजे मिसरूड न फुटलेलीं पोरें आहेत. वाळूवर पालथीं पडून तीं हातानें सुरुंग शोधतात. त्यांना ना नशा, ना कर्तव्य. केवळ सक्ति आणि घरीं जाण्याची आशा. तेथें प्रेक्षक पुढच्या सुरुंगाची वाट पाहत नाहीं, तो मोजणी संपण्याची वाट पाहतो. तो चित्रपट अधिक करुण आहे व मनाला अधिक स्वच्छ करतो. ‘दि हर्ट लॉकर’ मनाला मळवून सोडतो, आणि तो मळ आपलाच होता हें दाखवितो. दोन्हींची गरज आहे.

या चित्रपटांतलें एक दृश्य मात्र आम्हांस सर्व वादांपलीकडचें वाटतें. एका माणसाच्या अंगावर कोणी बळजबरीनें बाँब बांधून लोखंडी पट्ट्यांना कुलपें घातलीं आहेत. तो गयावया करतो. आपल्याला मुलेंबाळें आहेत असें सांगतो. जेम्स एक कुलूप तोडतो. पण कुलपें पुष्कळ आहेत आणि घड्याळ थांबत नाहीं. शेवटीं तो त्या माणसाची क्षमा मागतो, पुन्हा पुन्हा मागतो, आणि पळतो. या एका क्षणीं त्याच्या ठायीं मद नाहीं, कोडें सोडविण्याचा आनंद नाहीं. समोरच्या माणसाचा चेहरा त्याला प्रथमच स्पष्ट दिसतो आहे, आणि नेमका त्यालाच वांचविणें त्याच्या हातीं नाहीं. ज्या दयावीराचा आम्ही सबंध चित्रपटभर शोध घेत होतों तो तेवढा वेळ आम्हांस दिसला.